आपोआप काही जळत न्हाई

खरात मॅडम वऱ्हांड्यातून चालायच्या तेव्हा त्यांचा डावा हात कायम पाठीमागे असायचा. उजव्या हातात हजेरीपट, खांद्याला कापडी पिशवी आणि डावा हात पाठीवर, पंजा उघडा. पहिले काही महिने आम्हाला वाटायचं, बाई फार तोऱ्यात आहेत. आमचा शिपाई लक्ष्मण तर त्यांना 'साहेबीण' म्हणायचा.

मंठ्याच्या आमच्या छोट्या खाजगी प्रशिक्षण संस्थेत मी फिटर ट्रेड शिकवायचो आणि मॅडम इलेक्ट्रॉनिक्स. दोन्ही वर्कशॉपच्या मधे एकच भिंत. एकदा काहीतरी मागायला मी त्यांच्याकडे गेलो, तर त्या चालू पॅनलवर मीटर लावून उभ्या, आणि हात तसाच पाठीमागे. मी म्हणालो, "मॅडम, इथं तर कुणी बघत नाही."

"बघायचं काय त्यात?" त्या पॅनलवरून नजर न काढता म्हणाल्या. "एका हातानं करंट लागला तर झटका बसतो. दोन्ही हात लावले तर तो ह्या हातातून त्या हातात जातो, छातीतून. वीस वर्षं झाली, हात आपला आपण मागं जातो. आता बाजारात वांगे घेतानाबी जातो. वांगेवाला म्हणतो, बाई, तुमचा हात दुखून राह्यला का?"

तोरा वगैरे काही नव्हता. ती सवय होती, आणि सवय जीव वाचवणारी होती.

मॅडम मूळच्या भोकरदन तालुक्यातल्या धावड्याच्या. आईवडील मजुरीला जायचे, पण घरात पुस्तकाला पहिला मान. पोरीनं शिकायचं हे त्या घरात छप्पन्न सालच्या धर्मांतरापासून ठरलेलं होतं असं त्या म्हणायच्या, "म्हंजे मी जन्मायच्या लय आधी." त्यांच्या बोलण्यातून धावडा कधी गेला नाही आणि त्यांनी तो घालवायचा प्रयत्नही केला नाही. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासमोरही त्या 'न्हाई'च म्हणायच्या.

त्यांच्या वर्गात एका शब्दाला बंदी होती. 'आपोआप.' "मॅडम, आपोआप जळालं," असं कुणी म्हटलं की मॅडम स्टूल पुढे ओढायच्या. "आपोआप काही जळत न्हाई. बस इथं. शेवटच्या दहा मिनिटात काय काय केलं ते सांग. काही गाळायचं न्हाई." मग ते पोरगं सांगत जायचं: सोल्डर केलं, मग चहा आला, मग कप ठेवला, मग... आणि सातव्या-आठव्या मिनिटाला स्वतःच थांबायचं. डोक्यात प्रकाश पडायचा. मॅडम फक्त स्टूल जागेवर सरकवायच्या. एकदा प्राचार्यांच्या केबिनमधला पंखा जळाला, तेव्हा त्यांनाही दहा मिनिटं सांगायला लावली होती. त्यात असं निघालं की साहेबांनी अडकलेला पंखा छत्रीच्या दांड्यानं ढकलला होता.

रिमोटच्या मोठ्या गाड्यांचा नाद त्यांना लागला तो जालन्याच्या एका दंतवैद्यामुळे. हे डॉक्टर चाळिशीचे, गंभीर चेहऱ्याचे. एका दुपारी गाडीच्या डिकीतून त्यांनी जे काढलं ते पाहून माझी पोरं लेथ सोडून बाहेर आली. रिमोटवर चालणारा ट्रक होता. खेळणं म्हणवत नव्हतं. कमरेइतका लांब, पंधरा किलो वजन, चाकं माझ्या हेल्मेटएवढी. मोटरसायकलला मागं टाकेल असा पळायचा, आता मात्र मुका झाला होता. त्याचा स्पीड कंट्रोलर गेला होता. बॅटरीतून मोटरला किती जोर द्यायचा ते ठरवणारी ती डबी. साध्या खेळण्यात ती काडेपेटीएवढी असते. ह्या ट्रकातली साबणाच्या वडीहून मोठी, वर पंखे बसवलेली, आणि दीडदोनशे अँपिअर झेलणारी.

मॅडमनी डबी उचलली आणि पहिल्यांदा तिचा वास घेतला.

"काय झाल्तं?"

"काही नाही हो. बॅटरी जोडली आणि आपोआप..."

आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. मॅडमनी स्टूल ओढलं. "बसा डॉक्टर."

पाचव्या मिनिटाला कळलं की आदल्या दिवशी डॉक्टरांनी बॅटरीचा प्लग स्वतः घरी बदलला होता. मॅडमनी प्लगवरची नळी ब्लेडनं सोलली. लाल वायर काळीच्या जागी, काळी लालच्या जागी.

"डॉक्टर," मॅडम म्हणाल्या, "दाढ काढताना डावी-उजवी बघता ना?"

डॉक्टर आधी लाल झाले आणि मग इतके हसले की त्यांचा गंभीर चेहरा पुन्हा कधी जागेवर बसलाच नाही. पुढे दर महिन्याला ते काही ना काही निमित्त काढून मंठ्याला यायचे.

ती डबी आतून काळ्या लाखेसारख्या मसाल्यानं भरलेली होती. मॅडमनी गरम हवेनं तीन दिवस तो मसाला कणाकणानं काढला, जळालेले मॉस्फेट उपसले, नवे बसवले. मॉस्फेट म्हणजे आतले ते काळे चौकोनी तुकडे, जे सेकंदाला हजारो वेळा वीज सोडतात आणि तोडतात. त्यांच्याबद्दल मॅडमचं एक वाक्य पोरांना तोंडपाठ होतं: "पूर्ण चालू असला तर गार राहतो. पूर्ण बंद असला तरी गार राहतो. अर्धवट असला की जळतो." हे त्या मॉस्फेटबद्दल सांगायच्या की अर्धवट अभ्यास केलेल्या पोरांबद्दल, ते वाक्य म्हणताना त्या कुणाकडे बघतात त्यावरून ठरायचं.

बॅटरी जोडली की प्लगमधे 'फट्' करून ठिणगी उडायची. त्यासाठी मॅडमनी एक छोटा रेझिस्टर बसवला. आधी त्यातून थोडी वीज आत जाणार, मग मुख्य जोडणी होणार. डॉक्टरांनी विचारलं, हे कशाला? "पाव्हणा आला की आधी पाणी देतो ना? एकदम ताटावर बसवलं तर त्यालाबी ठसका लागतो."

ट्रक पळाला. मैदानाला दोन चकरा मारून, मातीच्या ढिगावरून उडून चारी चाकांवर उतरला. डॉक्टरांनी विचारलं, काय देऊ? मॅडम म्हणाल्या, "माझे पोरं सोळा हायेत. प्रत्येकाला एक चक्कर चालवू द्या." डॉक्टरांचा जीव खालीवर झाला, पण त्यांनी दिली. सतरावी चक्कर मॅडमनी मारली. ट्रक वळणावर दोन चाकांवर उठला तेव्हा त्यांच्या तोंडून "आयो!" निघालं, ते मी ऐकलं.

त्यानंतर त्या स्वतःच कंट्रोलर बनवायला लागल्या. पहिला जळाला, दुसरा जळाला. जळालेली प्रत्येक पाटी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, त्या वर्कशॉपच्या भिंतीवर तारेला अडकवायच्या, खाली चिठ्ठी: 'घाई.' 'सैल स्क्रू.' 'मला वाटलं चालेल.' ह्या तिसऱ्या नावाच्या चिठ्ठ्या सगळ्यात जास्त होत्या.

हे सगळं हौसेपुरतं राहिलं असतं. पण त्या वर्षी त्यांच्या भावाला विषबाधा झाली.

बबनदादा मॅडमपेक्षा सहा वर्षांनी मोठे. धावड्याच्या आसपास मिरचीचं पीक मोठं, आणि मिरचीला फवारणी फार. दादा पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या शेतात पाठीवर पंप घेऊन फवारायचे. हात असा की शेतकरी त्यांच्यासाठी दोन दिवस थांबायचे. एका सकाळी ते शेतातच कोसळले. चार दिवस भोकरदनला दवाखान्यात होते. मॅडम त्यांच्या उशाशी बसून होत्या. शुद्धीवर आल्यावर त्यांनी भावालाही विचारलं, दादा, पडायच्या आधी काय झाल्तं?

दादा म्हणाले, "काय व्हायचं? वारा फिरला."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फवारणी बंद करायला सांगितली. दादा म्हणाले, "मंग करू काय? मला दुसरं काय येतं?"

सोमवारी मॅडम माझ्या वर्कशॉपमधे आल्या. काही प्रस्तावना नाही. टेबलावर कागद पसरला. दोन सऱ्यांमधून जाईल एवढी अरुंद चारचाकी गाडी, वर चाळीस लिटरची टाकी, बाजूंना नोझल. "जाधव सर, सांगाडा तुम्ही करा. डोकं मी करते. माणूस लांब उभा राहील आन् औषधात गाडी जाईल."

जालन्याच्या भंगारातून आम्ही दोन दणकट मोटरी आणल्या, जुन्या, कार्बन-ब्रशच्या. डाव्या चाकांना एक, उजव्या चाकांना एक. मी अँगल कापले, वेल्डिंग केलं. मॅडमनी दोन कंट्रोलर केले, तळहाताएवढे, जाड ॲल्युमिनियमवर बसवलेले. त्यांना ठेवायला मी पत्र्याची पेटी केली. हवा खेळावी म्हणून पेटीला चाळीस छिद्रं पाडायची, असं कागदावर लिहिलेलं होतं. मी बारा पाडली. ड्रिल तुटलं, दुसरं आणायचा कंटाळा आला, आणि बारा छिद्रं मला पुष्कळ वाटली. एवढंच.

गाडी तयार झाली आणि नेमकं संस्थेचं वार्षिक स्नेहसंमेलन आलं. प्राचार्यांना कल्पना सुचली: गाडीनंच प्रमुख पाहुण्यांना पुष्पगुच्छ न्यायचा, आणि वाटेत गुलाबपाण्याचा हलका फवारा मारत यायचं. मॅडम म्हणाल्या, अजून चाचणी व्हायचीय. प्राचार्य म्हणाले, हीच चाचणी.

सकाळपासून गाडी मंडपाबाहेर उन्हात उभी होती. दुपारी बाराला नाव पुकारलं, टाळ्या पडल्या, गाडी डौलात निघाली. गुच्छ समोर, दोन्ही बाजूंना गुलाबपाणी. निम्म्या वाटेवर आली आणि एक मॉस्फेट गेला.

मॉस्फेट मरतो तेव्हा बहुतेकदा दार उघडं ठेवून मरतो. म्हणजे वीज तोडणाराच उरत नाही, आणि मोटरला सगळा जोर एकदम मिळतो. उजवी चाकं सुसाट सुटली. मॅडमनी रिमोट बंद केला. त्यानं डावी चाकं थांबली. मग काय, गाडी जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरायला लागली. पंप चालूच. पहिल्या फेऱ्यात पाहुण्यांचा सदरा भिजला, दुसऱ्यात प्राचार्य, तिसऱ्यात पहिली अख्खी रांग. लायटिंगच्या माळेचं टोक चाकात अडकलं आणि माळ मंडपावरून उतरून गाडीभोवती गुंडाळायला लागली. सूत्रसंचालक मात्र हाडाचा होता. तो म्हणत राहिला, "आणि अशा प्रकारे आपल्या संस्थेची प्रगती..."

लोक खुर्च्या उलथवत मागं सरकले. मॅडम पुढे गेल्या. कडेला उभं राहून त्यांनी तीन फेरे नुसते पाहिले, आणि चौथ्याला पेटी समोर आली तेव्हा एक पाऊल आत टाकलं, झाकणाची कडी उडवली, आणि पुढच्या फेऱ्याला हात घालून बॅटरीचा प्लग उपटला. गाडी थांबली. पुष्पगुच्छ अजून जागेवर होता. मॅडमनी तो काढला, भिजलेल्या पाहुण्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "माफ करा. थांबायचं शिकवायचं राह्यलं होतं तिला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्ग भरवला, स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर स्वतः बसल्या. "काल काय झालं ते मी सांगते. काही गाळणार न्हाई." मी मागच्या दारात उभा होतो. त्यांनी एकेक मिनिट सांगितलं. पेटीला हात लावला तेव्हा ती तापलेली होती. मनात आलं, थांबावं. मग मनात आलं, पाच मिनिटांचं काम आहे, होऊन जाऊ दे. तोडायचा प्लग त्यांनी झाकणाच्या आत ठेवला होता, बाहेर ठेवायला हवा होता. "बंद पडणं हा लहान दोष हाय. थांबवता न येणं हा मोठा दोष. तो मी केला." छिद्रांबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला. त्यात त्यांनी लिहिलं, 'चूक माझी.' गाडीला संस्थेच्या आवारात बंदी झाली.

मी आठ दिवस गप्प राहिलो. नवव्या दिवशी डबा खाताना मला राहवेना. त्या ठेचा वाढत होत्या.

"मॅडम, छिद्रं मी बाराच पाडली होती."

"म्हाईत हाय. मोजले होते मी."

"मग बोलला का नाही?"

"बोलून काय? मोजल्यावरबी गाडी चालवली ती मीच ना." त्यांनी डबा पुढे सरकवला. "आता आठ दिवस झाले तुम्ही भाकर अर्धी टाकून राह्यले. खा. आन् उद्या बाकीचे अठ्ठावीस पाडा."

मी उद्याची वाट पाहिली नाही. त्याच दुपारी चाळीसच्या जागी पन्नास पाडली. मॅडमनी पेटीच्या बाहेर ताटलीएवढं लाल बटण बसवलं. लाथ मारली तरी गाडी थांबेल असं. भिंतीवरच्या तारेला नवी पाटी चढली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'मला वाटलं चालेल.' खाली कुणाचंच नाव नव्हतं.

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही टेम्पोतून गाडी धावड्याला नेली. दंतवैद्यही आले, पांढरे बूट घालून. ते बूट त्यांनी पुन्हा कधी घातले नाहीत. पाऊस होऊन गेलेला, काळी माती पायाला धरून ओढत होती. गावातली दहाबारा माणसं बांधावर जमली. बबनदादा मात्र निंबाखाली पाठ करून बसले.

मॅडम त्यांच्याजवळ गेल्या. "दादा, चल ना."

"तूच चालव. ही फवारायला लागली म्हंजे मला कोण बोलवल?"

"गाडीला कोण बोलवल? तिला काय कळतं कोन्त्या झाडाची पानं कोकडा पडून वळलीत आन् कोन्त्या पानाखाली कीड बसलीय? ती आंधळी हाय दादा. तिला डोळे पायजेत."

"विमल, तू शिकलेली हायेस. तुला बोलता येतं."

"तुला फवारता येतं. मला ते येत न्हाई." त्यांनी रिमोट भावाच्या मांडीवर ठेवला आणि सरळ चालत परत आल्या. मागं वळून पाहिलं नाही.

बराच वेळ गेला. मग दादा उठले. रिमोट त्यांनी पंपाच्या दांड्यासारखा मुठीत धरला होता. गाडी सरीत शिरली, वीसेक पावलं गेली आणि चिखलात रुतली. दादांनी रिमोटवरची कांडी पुढे दाबून धरली. चिखलात अडकलेली मोटर कंट्रोलरकडून इतकी वीज ओढते की तो क्षणात जळतो. पण ह्या वेळी मॅडमनी कंट्रोलरला शिकवून ठेवलं होतं. मर्यादेपलीकडे ओढ लागली की त्यानं हात आखडायचा, क्षणभर थांबायचं, पुन्हा बेतानं जोर लावायचा. गाडी थांबली. हलली. थांबली. हलली. आणि चिखलातून एकेक चाक काढत बाहेर आली.

दादांचा चेहरा बदलला. "विमल, ही तं दम खाती की!"

"तुझ्यावानी," मॅडम म्हणाल्या.

मग दादांनी आम्हाला विसरून फवारणी सुरू केली. कुठे गाडी हळू करायची, कुठे मागं घेऊन पुन्हा मारायची, ते त्यांनाच कळत होतं. वाऱ्याच्या वरच्या अंगानं, गाडीपासून तीस पावलांवर ते चालत होते. चौथ्या सरीला वारा फिरला. पांढरा फवारा उठला, वळला आणि मागं आला. दादा शांतपणे दुसऱ्या बाजूच्या बांधावर गेले. फवारा रिकाम्या जागेवरून निघून गेला. दादांनी बहिणीकडे पाहिलं. मॅडम पदरानं चष्मा पुसत होत्या, आणि तो चष्मा बराच वेळ पुसला गेला.

त्या हंगामात दादांना रोज बोलावणं होतं. शेतकरी म्हणायचे, बबनची गाडी. कुणीही खरात मॅडमची गाडी म्हणालं नाही, आणि मॅडमना त्याचाच आनंद होता. पुढे त्यांनी आणखी दोन कंट्रोलर करून दिले, एक आष्टीकडच्या मोसंबीवाल्याला. त्याला देताना अट घातली: लाल बटण काढायचं नाही, आणि बिघडली तर 'आपोआप' म्हणायचं नाही.

पुढच्या वर्षी संस्थेनं पोरं कमी म्हणून इलेक्ट्रॉनिक्स ट्रेड बंद केला. मॅडमना नांदेडकडे नोकरी लागली. जूनमधे त्या गेल्या. निरोपसमारंभ त्यांनी करू दिला नाही. मी तेव्हा सुट्टीत गावी होतो, त्यामुळे शेवटचं पाहिलं ते त्याआधी, चौदा एप्रिलला.

मंठ्याच्या मुख्य रस्त्यानं जयंतीची मिरवणूक चालली होती. निळे झेंडे, ढोलताशे, आणि डोकं फुटेल असं ऊन. मी चहाच्या टपरीशी उभा होतो. मिरवणुकीच्या मधोमध एक नवीनच बुटकी गाडी दिसली, वर गार पाण्याचे दोन जार, बाजूला स्टीलचे पेले साखळीनं बांधलेले. मागं पांढऱ्या साडीत खरात मॅडम, गळ्यात रिमोट.

कार्यकर्त्यांपैकी एक जण ओरडला, "मॅडम, जरा पळवा ना! मागचे लोक अडकून राह्यले!"

"पळवायला काय लागतं?" मॅडम म्हणाल्या. "हिला हळू चालवायला मला तीन महिने लागले."

गाडीच्या कडेच्या दांडीला एक म्हातारी धरून चालत होती. ऐंशीच्या पुढची असेल, काठी घरी विसरलेली किंवा मुद्दामच ठेवलेली. मॅडमचं लक्ष ना गाडीकडे होतं ना रिमोटकडे; त्या म्हातारीच्या पावलांकडे बघत अंगठा मिलिमीटरनं हलवत होत्या. मी हात केला, तो त्यांना दिसला नाही.

चौकात म्हातारीच्या पायातली चप्पल निसटली. ती थांबली. गाडी थांबली. मागचे ढोलवाले थांबले, झेंडे थांबले, अख्खी मिरवणूक रस्त्यात उभी राहिली. म्हातारीनं सावकाश वाकून चप्पल सरळ केली, अंगठा आत सरकवला, पदर ठीक केला आणि दांडीला हात घातला.

मग सगळे निघाले.